दोन वाजून दहा

मुकादम स्वेतोझारने सुकवणीच्या भट्टीच्या दारावर खडूने माल बाहेर काढायची वेळ लिहिली, ‘रात्री आठ’, आणि खडू पुन्हा कानावर अडकवला. तीस वर्षं आलुबुखार सुकवणाऱ्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

“काका, आठ नाही, दुपारी दोन वाजून दहा,” ल्युबिंका म्हणाली. कॉलेजातून इथे येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. “खडू द्या.”

“खडू मागून मिळत नसतो, पोरी.”

मग तिने दारावरच्या धुळीत बोटाने आकडे लिहिले.

काल संध्याकाळी भट्टी पेटल्यापासून ती एकच ट्रे दर तासाला तोलत होती. वीस किलोचा ट्रे साडेसहा किलोवर आला की माल तयार. फळातलं शेवटचं पाणी उडायला फार रडवतं, तेही तिने हिशेबात धरलं होतं.

बाहेर अंगणात ताज्या फळांच्या नऊ ट्रॉल्या भट्टी रिकामी होण्याची वाट बघत उभ्या होत्या आणि गांधीलमाश्या घोंघावत होत्या. फळांना आंबूस वास सुटू लागला होता.

“आठ वाजवलेत तर याची राकिया दारूच गाळावी लागेल!” ट्रॅक्टरवरून मिलुंका ओरडली. “मग बसू वर्षभर पीत आणि रडत!”

दोन वाजून दहा मिनिटांनी तराजूचा काटा साडेसहा किलोवर आला. ल्युबिंकाने दार उघडलं. स्वेतोझारने एक फळ उचलून दाबलं. ते लिबलिबीत लागलं.

“कच्चं!” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालीय ही!”

ल्युबिंकाने पुन्हा एकदा तराजूकडे पाहिलं. काटा खोटं बोलत नव्हता.

“काका, तुम्ही नेहमी गरमच दाबता. गरम फळ मऊच लागणार. एक सिगरेट ओढा आणि मग दाबा.”

तिने मूठभर फळं खिडकीत वाऱ्यावर पसरली. स्वेतोझारने सिगरेट पार थोटकापर्यंत ओढली.

त्याने एक फळ दाबलं. ते चामड्यासारखं वाकलं, बोटाला चिकटलं नाही. दुसरं दाबलं. तिसरं सरळ तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावत राहिला.

“बायको म्हणायची, तुझ्या आलुबुखारांनी दात पडतात,” तो शेवटी म्हणाला. “मला वाटायचं, तिच्या माहेरचे दातच कच्चे.”

मिलुंका इतकी हसली की ट्रॅक्टरवरून पडायची राहिली. ल्युबिंकाला आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि ती ओरडलीही.

“बघताय काय? ट्रॉल्या आत घ्या!” स्वेतोझार गरजला. मग त्याने कानावरचा खडू काढला आणि ल्युबिंकाच्या कानावर अडकवला.

“पुढची वेळ तू लिही. जरा मोठं लिही, मला चष्म्याशिवाय दिसायला हवं.”