अक्काची सही

“अक्का, आधी तू कर,” म्हणत शशिधरनं बहिणीपुढं पेन धरलं.

वडिलांच्या माघारी शेत एकट्या भावाच्या नावावर व्हावं, म्हणून दोघी बहिणी कोल्हापूरच्या रजिस्ट्रार ऑफिसात आपापला हक्क सोडायला आल्या होत्या. थोरली दानेश्वरी कॉलेजात प्राध्यापक. बायका वडिलांच्या जमिनीतला हिस्सा का सोडतात, याच विषयावर तिला दोन हजार साली डॉक्टरेट मिळाली होती. गावोगाव हिंडून तिनं बायकांना विचारलं होतं. ‘माहेर तुटंल की,’ असं बहुतेकींनी सांगितलं होतं आणि त्यावर तिनं एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

तिनं सही केली. शाईच्या पॅडवर अंगठा दाबून कागदावर उठवला. राग आला नाही, रडूही आलं नाही. ठसा किती स्वच्छ उठलाय, एवढंच तिला दिसलं.

मग धाकटी शिवांजली पुढं झाली. नवरा वारल्यापासून ती हुपरीत पैंजणांना घुंगरं जोडून पोरं वाढवत होती. सही-अंगठा उरकून ती अक्काच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“मला हिस्सा पायजे हुता गं,” ती हळूच म्हणाली. “पण शशीअण्णा म्हणला, अक्का एवढी कायदा शिकलेली. ती सही करतीया म्हटल्यावर तू कशाला भितीस? बरोबर केलं न्हवं मी?”

दानेश्वरीनं तिचा हात हातात घेतला.

“अंगठा पूस आधी,” ती म्हणाली. “साडीला लागंल.”