खारट पोहे

"बघायला गेलो, तर हिने पोहे इतके खारट केलेले..." पाहुणा टेकला की अप्पांचं सुरू. पंचेचाळीस वर्षं! ते पोहे आपल्या वहिनीने केले होते, हे सांगून सांगून कुमुदताईंचा घसा बसला.

मेंदूचा अभ्यास करणारी नात हसली. "आजी, आठवण म्हणजे लोणच्याची बरणी. दरवेळी उघडली की बाहेरचं काहीतरी आत जातं, आणि मग झाकण पुन्हा घट्ट."

पुढच्या पाहुण्यासमोर अप्पांनी बरणी उघडली, तसा कुमुदताईंनी हळूच चमचा घातला. "तरी दोनदा मागून खाल्लेत!"

दिवाळीत अप्पा व्याह्यांना सांगत होते, "हिच्या हातचे पोहे म्हणजे काय! तीनदा मागून घेतले मी."

"तीनदा कुठले? दोनदाच!" कुमुदताई वैतागल्या. "पोहे मी केले होते, मला नाही आठवणार?"