बिगुलवाला

नातीचं, शालूचं बारसं झालं त्या साली, म्हणजे एकोणीसशे सतरात, वामनरावांनी ऐन पितृपक्षात शिशाच्या शिपायांची पेटी माळ्यावरून खाली काढली, आणि त्यांच्या सुनेच्या, कौशल्येच्या मनात पाल चुकचुकली. पितृपक्षात कोणी नवं काम हाती घेत नाही. शिवाय पेटी भगवंताची होती.

भगवंत तिचा नवरा, वामनरावांचा एकुलता एक. अकोल्याच्या जुन्या शहरामागे, मोर्णेच्या काठी त्यांचा भाजीचा मळा होता. तिथली वांगी, मेथी तो एका साहेबाच्या बंगल्यावर पोचवायचा. साहेब विलायतेला निघाला तेव्हा मुलाच्या खेळण्यांची पेटी त्यानं भगवंतालाच देऊन टाकली. तेव्हापासून दर दसऱ्याला लढाई ठरलेली. अमरावतीहून वामनरावांचा दोस्त पुंजाराम आपली पलटण घेऊन यायचा. मोठ्या पाटावर रेती पसरायची, शिपाई मांडायचे, कवडी फेकायची. कवडी उताणी पडली की समोरचा एक शिपाई आडवा.

मागच्या कार्तिकात भगवंत खऱ्या पलटणीत भरती होऊन समुद्रापार, बसऱ्याच्या लढाईवर गेला. जाताना त्यानं एक शिपाई कौशल्येच्या हातावर ठेवला. बिगुलवाला. त्याचा पाय मोडलेला, भगवंतानं पितळेच्या तारेनं सांधलेला.

"दसऱ्याले याले माह्या जागी उभा कर," तो म्हणाला होता. "हा उभा हाय तवर मी उभा हाय, समज."

तिनं बिगुलवाला पेटीत सर्वांत वर ठेवला होता. आता तीच पेटी सासऱ्यानं ओसरीवर उपडी केली.

"पेटी कावून काढली, मामाजी?"

"दसरा आला. यंदा पलटन खाकी कराची हाय. आता लाल डगला कोन घालते?"

आदल्याच दिवशी तहसिलीतला चपराशी मळ्यात येऊन गेला होता. शेतसाऱ्याचं काम होतं, असं वामनराव म्हणाले होते. पण त्यानंतर ते जेवले नव्हते, हे कौशल्येच्या ध्यानात राहिलं.

चाकूनं जुना रंग खरवडायचा, जवसाच्या तेलात नवा खलायचा, खारीच्या शेपटीच्या कुंचल्यानं एकेकाला चढवायचा. वामनरावांनी पहिला घेतला तो बिगुलवालाच. त्याच्या हनुवटीवर त्यांनी कुंचल्याच्या टोकानं तीळ काढला. भगवंताला तसाच तीळ होता. मग पांढऱ्या फडक्यात त्याला गुंडाळून ठेवलं.

"धूळ बसते," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी नातीला उचलायचं सोडलं. "हाताले रंग हाय." संध्याकाळी देवापाशी दिवा नव्हता. "तेल रंगात गेलं." कौशल्येनं तेलाच्या मडक्याचं झाकण काढून पाहिलं. अर्धं भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वामनराव अमरावतीला निघाले. सोबत पळसाच्या पानांचा भारा आणि जवाच्या पिठाचं गाठोडं.

"हे कायले?"

"पाटावर जंगल लागते, डोंगर लागते. पुंजारामाकडे मांडून पाहातो."

"पलटन त घरीच राह्यली."

वामनराव जोडे शोधत होते.

परतायला पंधरवडा संपत आला. आले ते मिशी काढून.

"रंग लागला मिशीले, निघेना," ते म्हणाले.

शेजारच्या तानुबाईला हसू आवरेना. "कौशल्ये, बुढ्यानं या वयात मिशी कोनासाठी काढली वं? अमरावतीले कोनी पाहून ठेवली का? पाय बाप्पा, दसऱ्याले नवी सासू येईन तुह्या घरी."

कौशल्येनं पेटी उघडून पाहिली. बिगुलवाला नव्हता. विचारलं, तर "वाळून राह्यला." पुन्हा विचारलं, तर "अमरावतीले ठेवला." एका वस्तूच्या दोन जागा ऐकल्या, आणि ती समजून चुकली की म्हातारा तोंड लपवतो आहे. खेळणं विलायती, शहरात त्याला गिऱ्हाईक मिळालं असणार. नवरा लढाईत, आणि बाप त्याचा शिपाई विकतो. तिला रडू आलं नाही, रागच आला.

आणखी एक गोष्ट होती. रोज सकाळी वामनराव लोटाभर पाणी घेऊन मळ्याच्या पार टोकाला जात आणि रिकामा लोटा घेऊन येत. त्या टोकाला एकही वाफा नव्हता. कौशल्येनं मनाशी ठरवलं, दसऱ्यापर्यंत थांबायचं. पुंजारामापुढे म्हाताऱ्याला खोटं बोलता येणार नाही.

दसऱ्याला पुंजाराम आला. ओसरीवर पाट मांडला गेला, रेती पसरली. वामनरावांची खाकी पलटण उभी राहिली. पहिल्या रांगेत मधे एक जागा रिकामी होती.

कौशल्या पदर सावरून, शालूला कडेवर घेऊन बाहेर आली.

"मामाजी, तिथं कोन उभं राहाचं होतं?"

"आत जा, सूनबाई."

"त्यायनं मले सांगून ठेवलं होतं. कोनाले विकला तुमी बिगुलवाला?"

पुंजारामानं उचललेली कवडी खाली ठेवली. "वामन, तिचा बाळंतपणाचा सव्वा महिना केव्हाच झाला. लेकरूही बाळसं धरून राह्यलं. आता कायले थांबतं?"

"विकला का नाही, तेवढंच सांगा," ती म्हणाली.

"नाही विकला," वामनराव म्हणाले. "चाल."

ते पुढे, ती मागे. वांग्यांचे वाफे संपले, मेथी संपली. मळ्याच्या टोकाला पिंपळ होता. वामनरावांनी फांदीला टांगलेलं लहानसं मडकं उतरवलं, तिच्यापुढे ठेवलं आणि तोंडावरचं पांढरं फडकं सोडलं. आत राख होती, देह हाती लागत नाही तेव्हा जाळतात त्या पळसाच्या पानांच्या पुतळ्याची. राखेत वितळलेल्या शिशाचा एक गोळा होता, आणि त्यातून पितळेच्या तारेचं टोक वर आलं होतं.

चपराशानं आणलेली खबर साऱ्याची नव्हती. भगवंत आषाढात बसऱ्याच्या छावणीत वारला. शालूचं बारसं श्रावणात झालं.