सैल पट्टा

बायजाबाईला डायलिसिसच्या मशीनवर घेतलं की जगनला चार तास मोकळे मिळत. एरवी तो सीट मागे पाडून झोपायचा. आज त्याने गाडीचं पुढचं डावं दार सताड उघडलं आणि सीटचा पट्टा शेवटापर्यंत बाहेर ओढून काढला.

पट्टा ओढला की यायचा, पण परत आत जायचा नाही. महिनाभर तो म्हातारीच्या अंगावर नुसता लोंबत होता. गेल्या खेपेला वडखळला एक डंपर आडवा घुसला, जगनने कचकन ब्रेक मारला आणि बायजाबाई सीटवरून घसरून समोर आदळता आदळता राहिली. "लागलं नाय रे," ती म्हणाली होती. पण जगनच्या डोळ्यांपुढून ते जात नव्हतं.

दवाखान्यासमोर काशीबाईची चहाची टपरी होती. तिच्याकडून त्याने बादलीभर कोमट पाणी, साबणाचा तुकडा आणि दोरीवरचा एक चिमटा मागून आणला. घासताना मोकळा होऊन पट्टा मधेच आत सटकू नये म्हणून वरच्या बाजूला चिमटा लावला आणि घासायला बसला. दोनदा पाणी काळं झालं. खांद्याजवळच्या ज्या कडीतून पट्टा खाली उतरतो, तिच्यात कित्येक वर्षांचा घाम आणि धूळ यांचा मेणासारखा थर बसला होता. तो त्याने नखाने खरवडला, फडक्याने पुसला.

"कोनासाठी येवढं घासतोस रे?" काशीबाईने विचारलं.

"मावशी बसते ना पुढं."

"सख्खी?"

"नाय गो. रोह्याची सवारी हाय. आठवड्यातनं दोनदा."

पट्टा उन्हात खडखडीत वाळला. जगनने चिमटा काढला. पट्टा सर्रकन आत गेला. त्याने पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. उगाचच आणखी दोनदा करून पाहिलं.

बायजाबाई बाहेर आली ती डावा हात अंगाशी धरूनच. दंडावर ताजी पट्टी होती. जगनने तिला पुढे बसवलं, पट्टा लावला. तो तिच्या बुटक्या अंगावर चापून बसला.

"बघ, कसा झाला."

"छान केलास," ती म्हणाली.

रामवाडी मागे पडली तेव्हा जगनचं लक्ष गेलं. तिने उजव्या हाताची बोटं पट्ट्याखाली घातली होती आणि पट्टा अंगापासून दूर ओढून धरला होता. नवीन आहे, सवय होईल, असं त्याला वाटलं. थोड्या वेळाने त्याने परत पाहिलं. बोटं तशीच होती, पांढरी पडलेली. तिच्या ओठांवर घाम फुटला होता.

त्याने गाडी कडेला घेतली.

"घट्ट होतोय?"

"नाय. बरा हाय."

"मग हात का घातलास मधे?"

तिने नजरेने डावा दंड दाखवला. मग म्हणाली, "ह्या हाताच्या शिरा जोडल्यात ना, मशीनसाठी. सुया हितंच लावतात. दाब पडला आणि ती जोडणी बंद पडली तर दुसरी करायला जागा नाय, डाक्टर बोलले. तुझा पट्टा खांद्यावरनं घसरतो तो बरोबर हितं येतो. सैल व्हता तवा काय वाटत नव्हतं."

"मग सांगायचं नाय मला?"

"चार तास उन्हात घासत व्हतास. निघताना काशीबाईनं सांगितलं. कसं बोलू?"

जगनने पट्ट्याकडे पाहिलं. सैल सोडावा तर गेल्या खेपेसारखं व्हायचं. घट्ट ठेवावा तर हे.

"बंद पडली हे कळतं कसं?" त्याने विचारलं.

तिने त्याचा हात धरला आणि पट्टीच्या खालच्या अंगाला त्याची दोन बोटं अलगद टेकवली. कातडीखाली काहीतरी थरथरत होतं. बारीक, एकसारखं, न थांबता. जगनने बोटं पटकन मागे घेतली.

"घाबरलास? हे थरथरतंय तवर चालू हाय. दिवसातनं चार वेळा मी हात लावून बघते. झोपायच्या आधी एकदा, उठल्यावर एकदा."

जगन खाली उतरला. त्याने मागचं उजवं दार उघडलं, सीटवरचं सामान डिकीत टाकलं, आणि तिथला पट्टा ओढून पाहिला. हा उजव्या खांद्यावरून येत होता.

"मावशी, मागं बस. माझ्या पाठीमागं. हा त्या हाताला लागनार नाय."

"मागं मळमळतं रे मला. आज तर जास्तीच."

"काच उघडी ठेवतो. हळू चालवतो."

ती कुरकुरत उतरली आणि मागे बसली. पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेशी जाऊन अडकला. डावा हात मोकळा मांडीवर राहिला. जगनने तो एकदा वाकून नीट पाहिला आणि मगच दार लावलं.

गाडी निघाली. पुढची सीट रिकामी होती. तिच्या बाजूला धुतलेला पट्टा सरळ, ताठ उभा होता. आरशात म्हातारीचं अर्धं कपाळ तेवढं दिसत होतं. जगनने गाणी बंद केली.

"मावशी, चालू हाय ना?" वडखळला त्याने विचारलं.

"हाय."

नागोठण्याला त्याने परत विचारलं. कोलाडच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता, गाडी दोनदा आपटली. जगनने मान वळवली, तोंड उघडलं.

"हाय रे, चालू हाय," मागून आवाज आला. "तू पुढं बग."