उशाशीचा फोटो

"अंकल, आजोबांच्या पहिल्या फोटोची निगेटिव्ह हवीय. दाराएवढा मोठा करायचाय," शॅनन म्हणाली.

हरेश्वरनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

विरारला मनवेलपाड्यातल्या त्याच्या स्टुडिओत आता पासपोर्टचे फोटो आणि झेरॉक्स एवढंच चालायचं. मागच्या पडद्यावर रंगवलेलं तळं आणि त्यातली कमळं तेवढी अजून टवटवीत होती. त्या तळ्याकाठच्या स्टुलावर शॅननची आजी, हिल्डा, बसली होती. वसईच्या पाचूबंदरहून आली होती. नेहमीसारखी कागदात गुंडाळलेली सुकी मासळी, वाकटी, तिनं टेबलावर ठेवली होती.

"चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे," शॅनन सांगत होती. "वसईचे जुने फोटो. नाव ठेवलंय, 'फोटो खोटं बोलत नाही'. मधल्या भिंतीवर आमचे आजोबा. आणि तुम्ही दोन शब्द बोलायचे. फोटोग्राफी ही कला कशी, वगैरे."

"मला बोलता येत नाही."

"बोलतो की," हिल्डा म्हणाली. "मान वर, हनुवटी खाली, हलू नको. जलमभर हेच बोललाय."

शॅनन हसली. मग डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिली. "अंकल, तुम्हाला मी कुठंतरी पाहिलंय."

"बाजारात बघितला असशील," हिल्डा म्हणाली. "एका बोंबलासाठी अर्धा तास घासाघीस करतो तो."

हरेश्वर हसला नाही.

हिल्डाचा नवरा सायमन समुद्रात गेला तेव्हा शॅननचा बाप पाळण्यात होता. समुद्र नेतो, समुद्रच परत आणतो. सायमनला नेलं ते नेलंच. हिल्डानं टोपली डोक्यावर घेतली आणि मनवेलपाड्यात मासळी विकू लागली. स्टुडिओची पायरी ही तिची बसायची जागा. साऱ्या मासळीवाल्या हरेश्वरला भाऊ म्हणायच्या. ही एकटी म्हणायची, फोटोवाल्या.

एका दुपारी टोपली रिकामी झाल्यावर ती आत आली होती. "माज्या नवऱ्याचा एकबी फोटो नाय. तू काढून दे."

"चितारी मनातून काढतो, हिल्डाबाई. फोटोला माणूस समोर लागतो. ज्याच्यावर उजेड पडला तोच उमटतो."

"मी सांगते. तू काढ."

ती सांगत गेली. कपाळ मोठं. नाक सरळ. डोळे जागरण केल्यासारखे. हसला तरी ओठ मिटलेले. सांगताना तिची नजर त्याच्यावरून हलली नाही. गेलेल्याला आठवताना माणूस असंच कुठंतरी एकटक बघत असणार, असं हरेश्वरला वाटलं.

त्यानं आधी पेन्सिलीनं काढून पाहिलं. जमेना. मग एकदा दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं, कोळ्याची टोपी घातली, कॅमेऱ्याचा टायमर लावला आणि स्वतःच त्या स्टुलावर जाऊन बसला. आपण ओळखू येऊ नये म्हणून छापलेल्या फोटोवर ब्रशनं दाट मिशी काढली. बाकी फार काही करावं लागलं नाही.

हिल्डानं फोटो उजेडाकडं धरला. मग पदरानं काच पुसून म्हणाली, "हाच."

त्या एका शब्दानं तो सुखावला, आणि तोच शब्द पुढं काट्यासारखा रुतून बसला. एका विधवेच्या घरात त्यानं परका चेहरा टांगला होता.

"ओळखीच्या कुणी पाहिला का?" त्यानं नंतर आडून विचारलं होतं.

"कोन बघनार? माज्या उशाशी हाय."

काही वर्षांनी ती पुन्हा आली. "मी पिकत चालले आनि हा तरनाच. शेजारी निजायची लाज वाटते. याला पन म्हातारा कर."

फोटो वेळ थांबवतो, म्हणतात. हिल्डाला थांबलेला वेळ नको होता, बरोबरीनं चालणारा हवा होता. हरेश्वरनं पुन्हा टोपी घातली. मग अधूनमधून घालतच राहिला. पुढं पुढं केस पांढरे करायला ब्रश लागेनासा झाला.

"वसईत फोटोवाले मेले काय? टोपली सुटली, आता विरारपर्यंत कशाला येता?" तो चिडवायचा.

"तुज्यासारका हात नाय त्यांचा."

आणि आता ही पोरगी निगेटिव्ह मागत होती. निगेटिव्हवर तर मिशीही नव्हती.

"शोधावी लागेल," हरेश्वर पुटपुटला.

हिल्डा गुडघ्यावर हात टेकून उठली. "त्याला तरास देऊ नको. फोटोचं मी बघते."

म्हणजे ती उशाशीचा देणार. पाचूबंदरचे म्हातारे खलाशी त्यापुढं उभे राहणार, सायमनबरोबर जाळी ओढलेले. हा कोण, म्हणणार. आणि हिल्डा भरल्या हॉलमध्ये नवऱ्याला दुसऱ्यांदा गमावणार.

जाऊ नये असं त्याला फार वाटलं. पण ती एकटी पडेल, म्हणून इस्त्रीचा सदरा घालून गेला.

हॉलमध्ये मधल्या भिंतीपाशी गर्दी होती. हिल्डा खाली खुर्चीवर बसली होती, शेजारची खुर्ची हातानं अडवून. एक म्हातारा काठी उंचावून ओरडत होता, "अरे, हाच आपला सायमन! हुबेहूब!"

हरेश्वरला कळेना. तो गर्दीतून वाट काढत पुढं झाला आणि त्यानं वर पाहिलं.

नवरीच्या वेशात कोवळी हिल्डा उभी होती. तिच्या दंडाला धरून एक बुटका, गोल तोंडाचा, बसक्या नाकाचा माणूस सगळे दात दाखवून हसत होता.

शॅनन त्याच्या शेजारी येऊन थांबली. फोटोकडे न बघता त्याच्याच तोंडाकडे बघत हळू म्हणाली, "लग्नापासून आजीच्या पेटीत होता, अंकल. हा लगेच काढून दिला. उशाशीचा काही देत नाही."