धंद्याचा रकाना

राजधानीच्या कचेरीतल्या गोऱ्या कारकुनाने मृत्यूची नोंदवही उघडली. "बापाचा धंदा?"

"आमदार," कॉर्डेलिया म्हणाली. कालच वडिलांना मूठमाती दिली होती, तरी तिचा आवाज स्थिर होता.

"सायरस? तो तर न्हावी. माझ्या वडिलांची दाढी करायचा."

"सकाळी दाढी करायचे. दुपारी विधानसभेत त्यांच्यासाठी कायदे करायचे."

कारकून हसला. "ते दिवस गेले, पोरी."

खरंच गेले होते. गुलामगिरी संपल्यावर अमेरिकेच्या दक्षिणेत दहाएक वर्षं काळी माणसंही निवडून आली, मग गोऱ्यांनी सत्ता परत बळकावली. आता वहीत नुसतं 'न्हावी' लिहिलं गेलं, तर वडिलांची ती वर्षं कुणाला कळणारही नव्हती.

कारकुनाने कोरी ओळ पुढे सरकवली. काळ्या माणसाची सहीऐवजी फुली आधी घ्यायची आणि रकाने मागाहून आपल्या मनाने भरायचे, ही त्याची रीतच होती. "इथे फुली मार."

कॉर्डेलियाने टाक घेतला आणि वळणदार अक्षरात अख्खी ओळ भरली. विधानसभेचे सदस्य, दोनदा निवडून आलेले. शेवटी पूर्ण सही.

त्याने वही हिसकावली.

"खोडू नका," ती म्हणाली. "या वहीत खाडाखोड करणाऱ्याची नोकरी जाते. तो कायदा वडिलांनीच मांडला होता, आणि अजून लागू आहे."