पुन्हा तेच लाल पाकीट

बारा वर्षांपूर्वी बंद पडलेली बाबांची लाडकी सिगारेट परत बाजारात आली. तेच लाल पाकीट, वर तोच सोनेरी घोडा! बाबांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी माळ्यावरून जुना लायटर शोधून काढला, आपली आवडती खुर्ची झटकली, लेकीकडून अर्धा कप बिनसाखरेचा चहा उकळून घेतला आणि सिगारेट पाकिटावर तीनदा आपटून ऐटीत शिलगावली.

"छे! फसवलं गं कंपनीने. काहीतरी कमी आहे."

मग दुसरी ओढली. वाऱ्याने चव उडते म्हणून पूर्वीसारखी खिडकी लावून तिसरी ओढली. "तंबाखू तीच, कागद तोच. मग तेव्हाची मजा का नाही गं येत?"

लेक भिंतीपाशी त्यांचे शर्ट इस्त्री करत होती. आईही रोज तिथेच उभी राहून करायची. जन्मात कधी सिगारेटला हात न लावलेली आई आता त्याच भिंतीवर फोटोत होती.

लेकीने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि जाऊन खिडकी सताड उघडली.


"आईचं खोकणं कमी आहे, बाबा."